टोळी आली की गावाशी बोलायचं कुणी? ऊसतोड मजूर, गावकरी आणि विश्वास

पंचगंगाकाठ (प्रश्न)

कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावासाठी विचारतोय. गळीत हंगाम सुरू झाला की बीड-जालन्याकडच्या ऊसतोड मजुरांच्या तीन टोळ्या गावात उतरतात. मिळून ४०-४५ कोयते, म्हणजे तेवढी जोडपी, पोरंबाळं धरून दीडशेच्या आसपास माणसं. चार महिने मुक्काम. वाद दरवर्षीचे ठरलेले : खुशाली (मजूर शेतकऱ्याकडं वर मागतात ते पैसे), वाढे (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा), पाणी, आणि शिवारातून मोटरीची केबल किंवा कुणाची कोंबडी गेली की पहिलं बोट मजुरांच्या खोप्यांकडं, म्हणजे झोपड्यांकडं. मजुरांचं म्हणणं उलटं. गाव वसवस करतं, वजनात मारतं, एकाला एक सांगतं नि दुसऱ्याला दुसरं.

या वर्षी ग्रामपंचायत, सेवा सोसायटी आणि तरुण मंडळ मिळून हंगामाआधीच काही पद्धत बसवायची म्हणतोय. मंडळाच्या पोरांचं म्हणणं, गाव विरुद्ध टोळी असा क्रिकेटचा सामना आणि एक जेवण ठेवूया, ओळख झाली की मिटलं. जुनी माणसं म्हणतात मुकादमाशी, म्हणजे टोळीच्या म्होरक्याशी, बोललं की झालं, बाकीच्यांशी कशाला? दोन्ही अर्धवट वाटतंय. नेमकं कुणी, कुणाशी, कधी आणि काय बोलायचं? कामाची रीत ठाऊक असणाऱ्यांनी सांगा.

---

शेतकी_गट

जेवणाचं नंतर बघा, आधी पैशाचं बोला. इथला अविश्वास स्वभावातनं आलेला नाही. एकाच व्यवहाराचे दोन वेगळे कागद दोघं बघतायत.

शेतकऱ्याच्या हातात ऊसबिल येतं ते तोडणी-वाहतूक वजा होऊन. त्यामुळं फडात (तोड चालू असलेल्या रानात) कुणी खुशाली मागितली की त्याचा सवाल सरळ असतो : तोडणीचे पैसे माझ्या बिलातनं गेलेत, आता परत कशाचे? त्याचं चूक नाही.

आता मजुराचा कागद. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ च्या घरात गेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. दिवसाला दीड टन तोडला धरा, तर दोघांचे मिळून ५४९ रुपये. तेही हातात येत नाहीत, उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, वळते होतात. लाखाची उचल असली तर ती फिटायला २७३ टन तोडावा लागतो. दीड टनाच्या चालीनं १८२ दिवस, दोन टनाच्या चालीनं १३७. हंगाम इतका लांबत नाही. मधल्या दिवसांत मुकादम देईल ती खर्ची (घरखर्चाचे पैसे), आणि खरोखर रोख म्हणावं असं दोनच : वाढ्याचे पैसे आणि खुशाली.

म्हणून खुशाली द्या असं म्हणत नाही. पण शेतकऱ्याला जिथं ‘माजलेत’ वाटतं तिथं समोरच्याच्या हातात रोख नसते, आणि मजुराला जिथं ‘चिकट’ वाटतं तिथं समोरच्याच्या बिलातनं आधीच कापलेलं असतं. हे दोन्ही आकडे एकदा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. कारखान्याच्या शेती गट ऑफिसातल्या माणसाला बोलावून त्याच्याच तोंडून वाचून घेतले तर उत्तम. गावानं वाचले तर टोळीला गावाचा डाव वाटतो, मुकादमानं वाचले तर गावाला मुकादमाचा.

‘वजनात मारतात’ हे कुठनं येतं तेही बघा. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. पावती ड्रायव्हरच्या खिशात, नोंद चिटबॉयच्या (तोडीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) वहीत. फडात मोळी बांधणाऱ्या बाईला आपली गाडी किती भरली ते दहा-पंधरा दिवसांनी मुकादमाच्या तोंडून कळतं. उपाय सोपा आहे. वजनपावतीचा मोबाइलवर फोटो, त्याच रात्री, टोळीतल्या दोघांना आणि शेतकऱ्याला एकदमच. सोबत एक ओळ : तारीख, गाडी नंबर, गट नंबर, वजन. चिटबॉयला याला दोन मिनिटं लागतात. हंगामाच्या मध्याला सुरू केलं तर ‘आता का दाखवताय, आधीचं काय?’ असा सवाल येतो, म्हणून पहिल्या गाडीपासनं.

आणखी एक, ज्यात दोघांचा फायदा एकच आहे : बुडातनं तोड. कांड्याचा खालचा भाग वजनदार आणि साखरेचा. बोटभर वर तोडला तर शेतकऱ्याचं टनेज जातं, मजुराचंही जातं, आणि खोडवा (त्याच बुडातनं येणारं पुढचं पीक) नीट फुटत नाही. मग तरी वर का तोडतात? कारण वाकावं जास्त लागतं आणि बुडात दगड-माती असली की कोयत्याची धार जाते. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून ‘खालनं तोडा की रं’ ओरडण्यापेक्षा तोडीआधी आठ-दहा दिवस पाणी बंद करून रान वाळू दिलं आणि कडेचे दगड वेचले तर ओरडावं लागत नाही.

---

मांजराकाठ

वरचा हिशेब बरोबर आहे. मी बोलण्याच्या रीतीबद्दल लिहितो.

‘मुकादमाशी बोललं की झालं’ ही सगळ्यात महागडी चूक. मुकादमाचं कमिशन टनावर, उचल त्याच्या हातात, खर्ची त्याच्या हातात. गावाचा निरोप त्याच्यामार्फत गेला की तो त्याच्या सोयीचा होऊनच पोचतो. गावाला तो सांगतो ‘माणसं ऐकत नाहीत’, टोळीला सांगतो ‘गाव देत नाही’. तो वाईटच असतो असं नाही, पण दोन्हीकडचं बोलणं एकट्याच्या हातात गेलं की तोल जातोच. मुकादमाला बाजूला ठेवू नका, तो चिडेल आणि त्याचा राग मजुरांवर निघेल. त्याच्यासमोरच बोला, पण मजुरांशी बोला.

वेळ : खोप्या उभ्या राहत असतात ते पहिले दोन दिवस. तोड सुरू झाली की माणसं पहाटे चारला फडात जातात आणि गाडी भरेपर्यंत परत येत नाहीत. नंतर बोलवाल तर पेंगत बसतील.

जागा : खोप्यांजवळचं मोकळं रान. ग्रामपंचायतीत बोलावलं तर फक्त पुरुष येतील, तेही दारात उभे राहतील. गावातनं पाचच माणसं जावीत, त्यात दोन बायका हव्यातच. पाणी, आंघोळीचा आडोसा, संडास, लेकरं हे विषय बायका पुरुषांसमोर काढत नाहीत, आणि निम्मी भांडणं तिथंच जन्मतात. गावची माणसं खुर्च्या घेऊन जाऊ नयेत. सगळे खाली बसा. वीस मिनिटं पुरतात.

भाषा : कोल्हापुरात पहिल्या भेटीत ‘काय रं, कुठला तू?’ हे आपुलकीचं असतं, शिवीसुद्धा लाडाची असते. तिकडं बीडकडं, मांजरेच्या काठावर, परक्याच्या तोंडनं तेच ऐकलं की अपमान वाटतो. वय असेल त्याला मामा, बाईला ताई किंवा मावशी, एवढं पाळलं तरी पुष्कळ. टोळी बंजारा समाजाची असेल तर घरात गोरमाटी बोली चालते. पुरुषांना मराठी फर्डी येते, काही म्हाताऱ्या बायकांना भरभर मराठी कळत नाही. मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नका, ‘पाण्याचं काय ठरलं, सांगा बरं’ असं उलट विचारून घ्या.

आणि तो ‘टोळी’ शब्द. ऊसतोडीत टोळी म्हणजे कामाची तुकडी, कुणाला खटकत नाही. पण गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गावात टोळी आली आहे, सावध राहा’ असं पडलं की त्याचा अर्थ बदलतो. मुकादमाचं नाव लावून लिहा : अमुक मुकादमाचे ऊसतोड मजूर, अमुक तारखेपासून, अमुक माळावर.

वाढ्याचा वाद थोडा सविस्तर लिहितो, कारण यात गाव नेहमी चुकीच्या टोकाला धरतं. शेतकरी म्हणतो ऊस माझा, वाढं माझं. मजूर म्हणतो रीतीनं वाढं तोडणाऱ्याचं. दोन्ही खरं. ठिणगी मालकीवरून पडत नाही, ती पडते पेंडी बांधून झाल्यावर. बाईनं दिवसभराच्या तोडीनंतर वाढं गोळा करून पेंड्या बांधलेल्या असतात, संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला द्यायला, आणि शेतकरी येऊन चार उचलतो. तो आपलं वाढं नेत असतो, तिच्या लेखी तो तिची मेहनत नेतो. म्हणून आकडा कोयता लागायच्या आधी बोला : एकराला इतक्या पेंड्या शेतकऱ्याच्या, बाकी तोडणाऱ्याच्या. आणि शेतकऱ्याच्या पेंड्या कोण बांधणार तेही. शेतकरी स्वतः बांधणार असेल तर सुटं वाढं एका सरीला वेगळं टाकायला सांगा. गावच्या गाईम्हशींना बैलगाडीच्या फडापेक्षा ट्रॅक्टरच्या फडातलं वाढं जास्त मिळतं, कारण गाडीवानाचे बैल आधी खातात. तेव्हा गाडी सेंटरला (बैलगाडीच्या तोडीला) आणि ट्रॅक्टरला एकच आकडा लावू नका.

---

माळावरचा_मास्तर

मंडळाच्या पोरांना एक सांगा. सामना ठेवा, पण ‘गाव विरुद्ध टोळी’ नको.

उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना घेऊन क्रिकेटचा एक मोठा प्रयोग झाला. मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाचा तो अभ्यास २०२१ साली छापून आला. एकाच संघात मिसळून खेळलेल्यांच्या दुसऱ्या जातींत मैत्र्या वाढल्या. समोरासमोर प्रतिस्पर्धी म्हणून खेळल्यावर उलटा परिणाम दिसला. पेठापेठांतला ईर्षेचा फुटबॉल बघणाऱ्या कोल्हापूरकराला हे सांगायला संशोधन लागू नये. तेव्हा चिठ्ठ्या टाकून दोन मिश्र संघ करा, प्रत्येकात निम्मे इकडचे निम्मे तिकडचे.

तरी त्याच्याकडनं फार अपेक्षा धरू नका. सल्मा मूसा यांनी इराकमध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ करून पाहिले (२०२०). संघातल्या सोबत्यांशी वागणं सुधारलं, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचा विश्वास फारसा हलला नाही. म्हणजे अकरा पोरांची दोस्ती झाली म्हणून विहिरीवरची म्हातारी खोप्यातल्या बाईला पाणी भरू देईल असं नाही.

नुसती ओळख कधी उपयोगी पडते यावर मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्ये चार अटी मांडल्या होत्या : दोघांचा दर्जा त्या कामापुरता तरी समान, ध्येय एक, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरच्या अधिकाराचा उघड पाठिंबा. तुमच्या गावाला लावून बघा. ध्येय एक आहे, वर बुडातनं तोडीचं लिहिलंय ते. गरजही आहे. समान दर्जा नाही, म्हणून ‘सगळे खाली बसा’ हा मुद्दा बारीक वाटला तरी मोठा आहे. चौथी अट कोल्हापूरला शिकवायची गरज नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असा. घरी बोलावून पाजला असता तर गावाला काहीच कळलं नसतं. सरपंचानं पहिल्या दिवशी खोप्यांजवळ बसून त्यांच्याच भांड्यातला चहा घ्यावा. फोटो काढू नका, लोक फोटोसाठी आला म्हणतील.

बोलण्याबद्दल थोडं. डेव्हिड सॅलीनं १९५८ ते १९९२ मधल्या सहकार्याच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब १९९५ मध्ये मांडला, त्यात समोरासमोर बोलू दिल्यानं सहकार्य ठळक वाढतं असं दिसलं. विशेषतः माणसांनी एकमेकांना स्पष्ट शब्द दिला तर. ‘बघू’, ‘करूया की’, ‘तुमचंच गाव समजा’ हे शब्द देणं नव्हे. ‘पाण्याचा टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी’ हा शब्द. म्हणून कमी कबूल करा. पाच कबूल करून तीन पाळली तर माणसं न पाळलेली दोन लक्षात ठेवतात, आणि ती एका सरपंचाच्या नव्हे, ‘कोल्हापूरवाल्यांच्या’ खात्यावर मांडतात. परक्या गटाशी व्यवहारात हे व्याज जास्त लागतं.

---

डबल_ट्रॉली

सगळं खरं, पण वाहतूकदाराचं (तोडलेला ऊस ट्रॅक्टरनं कारखान्यावर नेणाऱ्याचं) कुणी बोलत नाही. ट्रॅक्टरवर कर्ज, त्यावर मुकादमाला लाखांत उचल, आणि हंगामाला निम्मे कोयते हजर. अशा फसवणुकी जिल्ह्यात इतक्या झाल्यात की वाहतूकदार टोळीकडं संशयानंच बघतो. गोड बोलून हे मिटत नाही, कागद लागतो.

पण कागदाबरोबर बोलणंही लागतं ते असं. उचल देताना फक्त मुकादमाला भेटतात, तिथंच गाडं घसरतं. त्याच्या गावी जा, कोयत्यांची यादी करा, आणि ती यादी त्या-त्या जोडप्यासमोर वाचा : तुमच्या नावावर इतकी उचल, बरोबर का? पुष्कळदा मुकादमानं लाख लिहिलेले असतात आणि जोडप्याला साठच मिळालेले असतात. हे हंगामात उघडं पडलं की टोळी फुटते आणि नाव वाहतूकदाराचं खराब. पैसे शक्यतो बँकेतनं, रोखीचा भाग कमीत कमी. कराराची प्रत मुकादमाला आणि टोळीतल्या एका शिकलेल्या पोराला, दोघांना.

आणि एक नको ते. उचल फिटली नाही म्हणून आधार कार्ड ठेवून घेणं, माणूस किंवा बाई अडकवून ठेवणं, हे वेठबिगारीत मोडतं. १९७६ चा कायदा आहे, गुन्हा वाहतूकदारावर होतो. पैसे दिवाणी मार्गानं किंवा फसवणुकीच्या तक्रारीनं मागा.

---

गावकामगार

चोरीच्या संशयाबद्दल, कारण रक्त तिथंच निघतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं ठार मारलं. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. पण मर्यादा गावच्या ग्रुपला वाचवत नाही, तिथं एकच मेसेज पुरतो.

गावच्या ग्रुपसाठी हंगामापुरतं ठरवा : काही हरवलं तर वस्तू, जागा, वेळ लिहायची. संशय कुणावर ते लिहायचं नाही, लिहिलं तर ॲडमिननं लगेच काढायचं. रात्री उशिरा ‘फक्त ॲडमिन’ सेटिंग लावून ठेवा, भडका रात्रीच उडतो. पोलीस पाटील, मुकादम आणि टोळीतली एक व्यक्ती अशा तिघांनी आधी जागा बघायची. खोप्या तपासायला गावानं जायचं नाही, झडती हे पोलिसांचं काम, ११२ ला फोन करा. आणि वस्तू सापडली, किंवा चोर दुसराच निघाला, तर ते त्याच ग्रुपवर तितक्याच मोठ्या आवाजात लिहायचं. हे शेवटचं कुणी करत नाही. आरोप शंभर जणांनी वाचलेला असतो, ‘केबल घरातच सापडली’ हे चौघांना माहीत असतं.

---

बालवाडी_ते_चौथी

थोडक्यात : लेकरांकडनं सुरुवात सोपी जाते. आरटीईखाली (शिक्षण हक्क कायद्याखाली) दाखला नसला तरी शाळेनं वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असतं, गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित लेकरांना शाळा देते ते) आणलं असेल तर आणखी सोपं. अंगणवाडीत आहार मिळतो. रेशन आधारवर इथल्या दुकानातही उचलता येतं. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘तुमचं कार्ड बीडचं’ म्हणून परत पाठवतो आणि पहिल्याच आठवड्यात गाव खोटं ठरतं.

---

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. गट ऑफिसशी बोलणं झालं, वजनपावतीच्या फोटोला ते तयार आहेत. फळ्यावर लिहायचा मसुदा टाकतोय, चुका काढा.

१. टोळीतील लोकांनी गावच्या विहिरीवर जाऊ नये. कोंडाळ्यावर (सार्वजनिक नळावर) पाणी सकाळी ६ ते ८ या वेळेत मिळेल.
२. वाढे : ट्रॅक्टरच्या फडात एकरी ४० पेंड्या शेतकऱ्यास, उर्वरित तोडणाऱ्यास. गाडी सेंटरला एकरी २०.
३. खुशाली मागू नये. कोणी मागितल्यास कारखान्याकडे लेखी तक्रार केली जाईल.
४. काही अडचण आल्यास मुकादमामार्फत ग्रामपंचायतीस कळवावे.

---

मांजराकाठ

एक : सकाळी सहाला ते फडात असतात, पहाटे चारलाच गेलेले. सहा ते आठ पाणी सोडलं तर कोंडाळ्यावर कुणीच येणार नाही आणि रात्री विहिरीवर यावंच लागेल, मग तुम्ही म्हणाल नियम मोडला. संध्याकाळी सात ते नऊ करा. आणि ‘जाऊ नये’ने सुरुवात नको, आधी पाणी कुठं मिळेल ते लिहा.

दोन चांगलं आहे. पेंडी केवढी तेही ठरवा, एका बाईच्या कवेत येईल तेवढी म्हटलं की वाद नाही.

चार परत मुकादमाकडंच गेलं. पोलीस पाटील आणि गावातल्या एका ताईंचा मोबाइल नंबर घाला, त्यांची परवानगी घेऊन.

---

शेतकी_गट

तीनमध्ये नुसती धमकी आहे. त्याच ओळीत दर लिहा : तोडणीचा करारातला दर इतका, तो शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. मग ‘मागू नये’ कशाला ते वाचणाऱ्याला कळतं. तक्रार टोळीलाही करता येईल असं लिहा, पावतीचा फोटो आला नाही तर ती कुणाकडं जाईल? गट ऑफिसचा नंबर तिथंच.

---

पंचगंगाकाठ

बदलतो. फळा ग्रामपंचायतीसमोर लावतोय, तिथं ट्यूबलाइट आहे.

---

मांजराकाठ

तिकडं ते येत नाहीत. खोप्यांवरून फडाकडं जाणाऱ्या वाटेवर लावा, आणि पहिल्या दिवशी कुणीतरी वाचून दाखवा. निम्म्यांना वाचता येत नाही.